हक्कांची वकिली करणाऱ्या संस्थेला सभासद कुठून मिळवायचे? (सांगली जिल्हा)

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमची कायदेशीर मदतीचं काम करणारी एक लहान संस्था आहे. कोठडीतली मारहाण, अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घ्यायला केलेली टाळाटाळ, घराबाहेर काढलेल्या बायका, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे फिटले नाहीत म्हणून मुकादमानं अडकवून ठेवलेली ऊसतोडीची जोडपी, कुठंही चोरी झाली की पारधी वस्तीवरून उचलून नेलेली पोरं, अशी प्रकरणं आमच्याकडे येतात. एक पूर्णवेळ वकील, एक पूर्णवेळ कार्यकर्ती, बाकी आम्ही सगळे नोकरी-शेती सांभाळून येणारे. मी खजिनदार आहे. हा धागा देणगी मागायला काढलेला नाही. मला सल्ला हवा आहे.

यंदा वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही. अर्धा तास थांबून तहकूब सभा तिथंच घेतली, ठराव झाले, कायद्यानं काही अडलं नाही. पण त्यानंतर सभासद नोंदवही घेऊन बसलो. दोनशेच्या वर नावं आणि चालू वर्षाची वर्गणी भरलेले साठच्या आत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ असं सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली त्याला मत नाही, आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे कागदावर आम्ही कितीही मोठे दिसलो तरी प्रत्यक्षात साठ माणसांची संस्था आहोत. त्यातले निम्म्याहून अधिक सत्तरीच्या पुढचे. निवृत्त शिक्षक, वीज मंडळातले जुने युनियनवाले, सेवा दलात वाढलेले लोक. यांना वर्गणीची आठवण कधी करावी लागत नाही. पण दरवर्षी त्यांतली एक-दोन नावं कमी होतात आणि त्यांच्या जागी कुणी येत नाही.

पैशाचं म्हणाल तर लोकांना वाटतं वकिलाची फी हाच मोठा खर्च. तसं नाही. वकील आमचेच. खर्च होतो तो नकला काढण्यात, टायपिंगमध्ये, तालुक्याच्या कोर्टात पुन्हापुन्हा जाण्यात, साक्षीदाराचा बुडालेला रोज भरून देण्यात. आटपाडीहून विजयनगरच्या जिल्हा कोर्टात एक बाई साक्षीला येते तेव्हा तिचा अख्खा दिवस जातो, आणि तारीख पडली तर तेच पुन्हा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यानं मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, ही फार मोठी गोष्ट झाली. पण पूर्वी जी प्रकरणं लांबच्या भीतीनं आम्ही आणि पक्षकार दोघंही सोडून द्यायचो, ती आता सोडवत नाहीत. माणूस म्हणतो, "कोल्हापूरच तर आहे, चला की." आणि त्याचं बरोबर आहे. काम वाढलं, गल्ला तेवढाच राहिला.

आता बाहेरचा पैसा. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांना परदेशी निधी यायचा, त्यातला थोडा वाटा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्यांना मिळायचा. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेनं परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं. स्वतःची नोंदणी काढायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. आमच्यासारख्याचा तेवढा व्यापच नाही. या दुरुस्तीची चर्चा मोठ्या संस्थांच्या नावानं झाली. पण खरा फटका तालुक्या-जिल्ह्यातल्या लहान गटांना बसला, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही.

कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीकडे गेलो होतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, स्त्रियांचं सक्षमीकरण, मागास गटांची विषमता कमी करणं असं सगळं आहे, त्यात कायदेशीर मदत ओढूनताणून बसवता येते. कायदा साक्षरतेचं शिबिर घ्या, बॅनर लावा, पैसे देतो म्हणतात. पण पोलिसांविरुद्धच्या खटल्याला किंवा मजुरांच्या थकलेल्या पगाराच्या दाव्याला कुठली कंपनी पैसे देईल? उद्या तिच्याच ठेकेदाराविरुद्ध उभं राहायची वेळ येऊ शकते.

माझं मत पक्कं होत चाललं आहे. जिल्ह्यातल्या सत्तेविरुद्ध कोर्टात उभं राहणारी संस्था जिल्ह्यातल्या माणसांच्या लहान लहान वर्गणीवरच चालली पाहिजे. त्याशिवाय ती टिकणार नाही, आणि टिकली तरी पाहिजे ते प्रकरण हातात घेऊ शकणार नाही. पण ही माणसं जोडायची कशी? आणि ज्यांची प्रकरणं आपण लढवली त्यांना सभासद व्हा म्हणायचं का? यावर आमच्या कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो, ती मदतीची परतफेड मागितल्यासारखं होईल. दुसरा म्हणतो, न विचारणं हाच त्यांचा अपमान आहे.

ताळेबंद

मी सीए आहे, सांगलीतच. हिशेबाच्या बाजूनं चार गोष्टी.

८० जी ची सवलत दाखवून देणगीदार मिळवायचे दिवस संपत आलेत. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात ८० जी ची वजावटच नाही. नोकरदारांपैकी बरेच तिकडे गेलेत. त्यामुळे "करात सूट मिळेल" हे वाक्य पत्रकातून काढलंत तरी फारसं बिघडत नाही. लोकांनी काम बघून द्यावं.

रोखीत २,००० रुपयांच्या वर देणगी घेतलीत तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. वर्गणी आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा, वर्गणीला ८० जी ची पावती देऊ नका. आणि सभेत डबा फिरवायची सवय असेल तर जपून. निनावी देणगी ठराविक मर्यादेच्या वर गेली की त्यावर ३० टक्के कर बसतो. लहान संस्थेला सहसा तिथपर्यंत पोचायची वेळ येत नाही, पण देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यायची शिस्त असलेली बरी.

दरवर्षी ऑडिट धर्मादाय कार्यालयात वेळेत जातंय ना? कार्यकारिणी बदलली की तिथं ते नोंदवायचा फेरफार अर्ज दाखल होतोय ना? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या संस्थांचे जुने फेरफार अर्ज पडून असतात. मग बँक सह्या बदलून देत नाही आणि खात्यात पैसे असून काढता येत नाहीत.

विटेकर

साधा प्रश्न आहे. जिंकलेल्या प्रकरणात भरपाई मिळते. तिच्यातून दहा टक्के संस्थेला घ्या. कुणाला जड जाणार नाही.

काळाकोट_मिरज

विटेकर, हे चालत नाही. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या वाट्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला सक्त मनाई आहे. संस्थेच्या नावानं घेतली तरी प्रकरण चालवणारा वकीलच, त्यामुळे तक्रार झाली तर त्याच्या सनदेवर येईल. आणि अ‍ॅट्रॉसिटीतली भरपाई म्हणजे घर जाळलेल्या, मार खाल्लेल्या माणसाला सरकारनं दिलेले पैसे असतात. त्यातून टक्का मागायला तोंड तरी कसं उघडायचं?

मला धागाकर्त्यांना वेगळा प्रश्न विचारायचा आहे. विधी सेवा प्राधिकरण आहे की. १९८७ चा कायदा, घटनेचं कलम ३९ अ. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं, अपंग, कामगार, पूरग्रस्त, यांना कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० ला फोन केला तरी चालतो. मी स्वतः पॅनेलवर काम केलं आहे. मग समांतर संस्था कशासाठी चालवायची?

कृष्णाकाठी

वकीलसाहेब, प्राधिकरणाकडे आम्ही स्वतः माणसं पाठवतो, आणि चांगले वकील मिळाल्याचा अनुभव आहे. पण त्यांचं काम बहुतेक वेळा प्रकरण कोर्टात आल्यावर सुरू होतं. त्याच्या आधीच्या रात्रीचं काय? फिर्याद घेत नाहीत म्हणून ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बाईजवळ कोण बसणार? उचलून नेलेल्या पोराला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं का, अटकेची खबर घरी दिली का, वैद्यकीय तपासणी झाली का, हे विचारायला कोण जाणार? डी. के. बसू निकालात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं लिहून दिलं आहे. ते प्रत्यक्षात येतं ते कुणीतरी जाऊन विचारलं तर. आमचा निम्मा खर्च या विचारण्यावर होतो आणि कुठल्याही योजनेत त्याचा रकाना नाही.

हळदपेठ

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी व्यापारी आहे. माझ्या गोदामात दोनदा चोरी झाली. पोलिसांनी माणसं धरली, तेव्हा अशाच एका संस्थेचे लोक त्यांच्या बाजूनं ठाण्यात हजर. माझ्या बाजूनं कुणी आलं नाही. वर्गणी द्यायला माझी ना नाही, गणपतीला देतो, पूरग्रस्तांना दिली. पण चोराची बाजू घेणाऱ्याला मी पैसे का द्यावेत?

कृष्णाकाठी

हळदपेठ, तुमच्या बाजूनं कुणी आलं नाही ही तक्रार रास्त आहे. तुमचा माल गेला, फिर्यादी म्हणून तपास कुठवर आला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि तशी मदतही कुणीतरी केली पाहिजे. आमच्याकडे या, करू.

पण दुसरी बाजूही ऐका. २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात लुटीच्या संशयावरून धरलेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, आणि पुढं प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं. तेव्हा पोलीसच आरोपी झाले. तुम्ही, मी, सगळी सांगली हळहळली होती. तो तरुण चोर होता की नव्हता हे ठरवायला कोर्ट होतं, तिथपर्यंत तो पोचलाच नाही. आम्ही ठाण्यात जातो ते माणूस कोर्टापर्यंत जिवंत पोचावा म्हणून. त्यानं चोरी केली असेल तर शिक्षा व्हावी, त्याला आमचा विरोध नाही.

जतकर

मला लांब लिवायला जमत न्हाई, पोरगी टाइप करून द्यायलीया.

आमची केस एका संस्थेनं लढवली. नाव सांगत न्हाई. उसाला गेल्तो, मुकादमानं उचल फिटली न्हाई म्हणून बायकोला आन ल्हान पोराला ठिऊन घेतलं, मला म्हणला पैसं घिऊन ये. त्या ताई आल्या, तहसीलदाराकडं गेल्या, दोगांला सोडवलं. मग केस झाली.

तुमी इचारलंय सभासद व्हा म्हणायचं का न्हाई. आमाला कुणी म्हणलंच न्हाई. आमाला वाटलं सभासद म्हंजे शिकल्याल्या लोकांचं काम. मिटिंगा असत्यात, विंग्रजी बोलत्यात. कुणी म्हणलं असतं तर झालो असतो. फुकट मदत घेतली ही मनाला लागतंय. पेढं दिलं तेवढंच.

पन दोन गोष्टी हैत. तुमी वर्गणी मागता जानेवारीत. तवा आमी तोडीला असतो, घरात कुणी नसतंय. बाजरी दिवाळीच्या आदी निघती, शाळू फाल्गुनात. तवा मागा. आन दुसरं, यादीत नाव आलं की मुकादमाला कळतंय का? त्याच्याकडंच परत जायचं असतंय कामाला.

कृष्णाकाठी

दादा, तुम्ही लिहिलंत ते आमच्या कार्यकारिणीत वाचून दाखवणार आहे. वर्गणीचा महिना बदलायला हवा हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण कार्यकारिणीत सगळे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे किंवा पेन्शन घेणारे.

ताळेबंद, यादीबद्दल तुम्ही सांगाल का?

ताळेबंद

दरवर्षी नोंदणी कार्यालयाकडे द्यावी लागते ती कार्यकारी मंडळाची यादी, सगळ्या सभासदांची नाही. सभासद नोंदवही संस्थेच्या कपाटात राहते. मात्र खोटा दिलासा देत नाही. निवडणुकीवरून किंवा फेरफार अर्जावरून वाद झाला तर ती नोंदवही हजर करायला सांगू शकतात, आणि मग समोरच्या बाजूला दिसते. ज्यांना धोका आहे त्यांना सभासद न करता नुसते देणगीदार ठेवता येईल. त्यांचा तपशील हिशेबात राहील, पण निवडणुकीच्या वादात यायचं कारण उरत नाही.

वाळवेकर

एक धोका कुणीच बोललं नाही. सभासद वाढवा म्हणणं सोपं आहे. आपल्या भागात संस्था कशा ताब्यात जातात हे आपण कारखान्यांत, पतसंस्थांत, शिक्षणसंस्थांत बघितलं आहे. वर्गणी १०० रुपये ठेवलीत आणि दार सताड उघडं टाकलंत, तर ज्याच्याविरुद्ध तुम्ही केस लावली आहे तोच पुढारी तीनशे माणसांची वर्गणी एका दिवसात भरेल. पुढच्या सभेत कार्यकारिणी त्याची. केस मागं घ्यायचा ठराव त्याचा. तीस हजार रुपयांत अख्खी संस्था खिशात. त्याला एवढे पैसे म्हणजे काहीच नाहीत.

म्हणून नियमावली आधी बघा. नवीन सभासदाला पहिलं वर्षभर मत नको, सलग वर्गणी भरलेली हवी, दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी, अर्ज मंजूर-नामंजूर करायचा अधिकार कार्यकारिणीकडे हवा. नियमावली दुरुस्त करायची ती आत्ता, साठ जण आहात तोवर.

काळाकोट_मिरज

वाळवेकरांशी शंभर टक्के सहमत. पण दार इतकंही बंद करू नका की जतकर दादांना दोन शिफारशी आणायला कुणाच्या तरी दारी उभं राहावं लागेल. ज्यांची प्रकरणं संस्थेनं लढवली त्यांच्यासाठी प्रकरण चालवणाऱ्या कार्यकर्तीची एक सही पुरे, असं कलम घाला. मात्र सभासद व्हायचं की नाही हे प्रकरण संपल्यावरच विचारायचं. चालू असताना विचारलं तर माणूस नाही म्हणूच शकत नाही, मग ती फीच झाली.

माहेर_सातारा

मी साताऱ्याची, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. वाचून फार वाटलं. इथं आम्ही काही जण दर महिन्याला थोडे डॉलर पाठवू शकतो. खाते क्रमांक मिळेल का?

ताळेबंद

ताई, आधी पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेच्या मार्गानं आलेली देणगी परकीय निधी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परकीय स्रोत ठरतो, आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो एक डॉलरही घेऊ नये. मित्रमंडळींचे एकत्र करून तुमच्या खात्यातून पाठवू नका. पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत संस्थेनं फाइलला लावावी. हे कठोर वाटेल, पण अशा संस्थेवर कुणाचा तरी डोळा असतोच. चुकून आलेल्या दहा हजारांपायी सगळं खातं अडकायला नको.

माहेर_सातारा

माझं नागरिकत्व बदललं आहे. भावाला सांगते, तो साताऱ्यातच असतो. त्यानं त्याच्या पैशातून, त्याच्या इच्छेनं द्यावेत, माझ्याकडून काही न घेता. एवढंच माझ्या हातात दिसतंय.

मिरजवाला

सांगलीच्याच संग्राम संस्थेची आठवण करून द्यावीशी वाटते. वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर त्यांचं काम १९९२ पासूनचं. अमेरिकन सरकारच्या मदतीला अट आली, की संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यायचं. ज्या बायकांबरोबर उभं राहायचं त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? २००५ च्या सुमारास त्यांनी तो पैसाच नाकारला. पुढं २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या संस्थांपुरती ती अट घटनाबाह्य ठरवली. पण आपल्या सांगलीच्या बायांनी त्याच्या कितीतरी आधी निर्णय घेतला होता. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्या गावात ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

पीयूसीएलचंही (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) बघा. आणीबाणीत जयप्रकाशांनी सुरू केलेली आणि न्या. वि. म. तारकुंडे यांनी पुढं वाढवलेली संघटना. तारकुंडे आपल्या सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद भूषवून मग दिल्लीत नागरी हक्कांची वकिली करणारे. फंडिंग एजन्सीचा पैसा, देशी असो की परदेशी, घ्यायचाच नाही हे त्यांचं धोरण. सभासद आणि पदाधिकारी आपला खर्च आपण करतात.

औंधकर

मिरजवाले, पीयूसीएलचं तत्त्व मला मान्य आहे. पण "आपला खर्च आपण" म्हटलं की संस्थेत फक्त ज्यांचं घर दुसऱ्या पगारावर चालतं तेच राहतात. पारधी वस्तीवरची एखादी मुलगी कायदा शिकून पूर्णवेळ काम करायला आली तर तिला मानधन हवंच.

साताऱ्यात याचं एक उदाहरण आहे. डॉ. दाभोलकर, बाबा आढाव आणि डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नाटकाचे प्रयोग करून पैसे जमवले, मूळ रक्कम ठेवीत, आणि व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन. लोकांनी तिकीट काढलं ते नाटकासाठी आणि कार्यकर्त्यासाठीही. तुमच्या त्या दोन पूर्णवेळ माणसांच्या मानधनापुरता असा निधी जमवायला काय हरकत आहे? व्याजदर घसरले की अडचण होते हे खरं, म्हणून रोजचा खर्च वर्गणीतून आणि मानधन निधीतून अशी विभागणी ठेवावी.

येरळा

बलवडीचं बळीराजा धरण विसरू नका. खानापूर तालुक्यात, येरळेवर. दुष्काळी गावांनी नदीतली वाळू विकून, श्रमदान करून, बाहेरच्या मित्रांची मदत घेऊन बांधलं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वर्गणी काढून मोठं काम उभं करता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

जुनिअर_वकील

येरळा, धरणाचं पाणी वर्गणी देणाऱ्याच्या शेतात येतं. आमच्या कामात तसं होत नाही. हिंगणगावच्या माणसानं दिलेल्या शंभर रुपयांतून शिराळ्याच्या बाईची नक्कल निघते, आणि त्या माणसाला काहीच दिसत नाही. म्हणून दाखवावं लागतं. मला वाटतं दर तीन महिन्यांनी एक पान काढावं. कुठल्या तालुक्यातली किती प्रकरणं, कुठल्या टप्प्यावर, कशावर किती खर्च. नावं नकोत, नुसती हकिकत. तालुक्याच्या बार रूममध्ये, ग्रंथालयात, दूध डेअरीत लावावं.

माझ्यासारख्या तरुण वकिलांबद्दलही लिहिते, कारण आम्ही का टिकत नाही हा प्रश्न वर अर्धाच आला. पोलिसांविरुद्ध नाव लागलं की अशिलं येत नाहीत, असं सीनिअर सांगतात. थोडंफार खरं आहे. पण मुख्य कारण खोलीभाडं आणि पेट्रोल. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये पत्रक काढलं, जुनिअरला शहरात महिन्याला २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत म्हणून. ती नुसती शिफारस आहे, आणि आमच्या कोर्टात ते मिळणारं कुणी मला माहीत नाही. अशा वेळी संस्थेकडून मोठी रक्कम कुणीच मागत नाही. जाण्यायेण्याचा खर्च त्याच दिवशी हातात मिळाला, आणि सीनिअरांपैकी कुणीतरी भर बार रूममध्ये म्हटलं की ही पोरगी चांगलं काम करते, तरी आम्ही राहतो. सभासद वर्गणी तर मी भरतेच. पण सभासद म्हणून मला कधी कुठल्या निर्णयात विचारलं गेलं नाही, वर्षातून एकदा सभेची नोटीस येते तेवढीच.

काळाकोट_मिरज

ताई, तुम्ही कुठल्या कोर्टात आहात ते खाजगीत कळवा. बार रूममधलं ते वाक्य बोलायला मी येतो. पेट्रोलचंही बघू.

हळदपेठ

धागा सगळा वाचला. जतकर दादांचं वाचून माझा विरोध बराच मावळला. माझ्याकडे हमाल म्हणून काम करणाऱ्यांतही उसाला जाऊन आलेली माणसं आहेत, त्यांनी मला असलं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

वकीलताईंचा तीन महिन्यांच्या पानाचा मुद्दा मला व्यापारी म्हणून पटतो. हिशेब दिसला की पैसे निघतात. ते पान छापायचा वर्षाचा खर्च माझ्याकडे. बदल्यात एकच म्हणणं, फिर्यादींनाही मदत कराल असं त्या पानावर लिहा, आणि तसं करा.

कृष्णाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी हे ठराव मांडणार आहे, अध्यक्षांशी बोलून घेतलं आहे.

नियमावली दुरुस्ती सर्वांत आधी, वाळवेकर आणि काळाकोट म्हणतात तशी: पहिलं वर्ष मत नाही, आणि प्रकरण संपलेल्यांना एका सहीवर प्रवेश. वर्गणी १०० रुपयेच राहील, पण ती वर्षात कधीही भरता येईल, आणि पूर्व भागात सुगीनंतर आम्ही स्वतः वस्तीवर जाऊन घेऊ. तीन महिन्यांचं पान हळदपेठ यांच्या मदतीनं सुरू करू, त्यात फिर्यादींच्या मदतीचा कॉलम असेल. ज्यांना नाव द्यायची भीती आहे त्यांना सभासद होण्याचा आग्रह नाही. कार्यकारिणीत प्रकरणांतून आलेल्या सभासदांसाठी दोन जागा असाव्यात असंही मी सुचवणार आहे. यावर वाद होईल हे मला माहीत आहे, तरी मी मांडणार. मानधनाच्या निधीचं काम मोठं आहे, औंधकरांशी वेगळं बोलतो.

लगेच हवं आहे ते हे: कवठेमहांकाळ, आटपाडी, शिराळा या तालुक्यांत पावतीपुस्तक सांभाळेल असं एकेक माणूस. दर महिन्याला हिशेब द्यावा लागेल.

येरळा

आटपाडी मी बघतो. खरसुंडीपर्यंतची गावं माझ्या पायाखालची आहेत.

जुनिअर_वकील

शिराळा माझ्याकडे. दर आठवड्याला तिथल्या कोर्टात असतेच. पण मला पावतीपुस्तकाबरोबर कार्यकारिणीच्या इतिवृत्ताची प्रतही हवी.

कृष्णाकाठी

मिळेल. सगळ्याच सभासदांना पाठवू.

जतकर

आमच्या वस्तीवर रेंज न्हाई, यूपीआय चालत न्हाई. पावतीपुस्तकच पाठवा. आमची धा-बारा घरं हैत, समद्यांशी बोललोय. मुकादमाचं भ्या वाटतंय त्यांनी न्हाई म्हणलं, बाकीचं हाय म्हणलं. माज्या घरची पावती बायकोच्या नावानं फाडा. केस तिच्या नावानं हुती, कोर्टात उभी ती ऱ्हायली.

ताळेबंद

पावती त्यांच्या नावानं फाडता येईल, पण सभासद अर्जावर सही किंवा अंगठा त्यांचाच लागेल, आणि मतही त्यांचंच राहील. कृष्णाकाठी, पावतीपुस्तकाबरोबर कोरे अर्जही पाठवा.